पार्बताबाईंची पावशी

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला, तो काळा भरला आणि म्हणाल्या, "ही साधना."

"कायी कावून केली बाई माह्या नातीले?" पार्बताबाई लगेच बोलल्या.

साधनाला हसू आलं. वीस वर्षांची पोर, पण दोन्ही बुबुळांवरची काच धुरकट होत चाललेली. कॉलेजातला फळा आता तिला पहिल्या बाकावरूनही दिसत नव्हता.

तिची आई चंदा खाली मान घालून बसली होती. साधना पोटात असताना ग्रहणात तिने पावशीवर वांगी चिरली होती. आठ वर्षांपूर्वी पोरीचे डोळे बिघडायला लागले, तेव्हा सासूबाईंना, म्हणजे पार्बताबाईंना, ते ग्रहण आठवलं आणि त्यांनी भाजी चिरायची पावशीच सुनेच्या हातून काढून घेतली. पोळ्या चंदाच्या, भांडी चंदाची, भाजी मात्र सासूबाई चिरणार. येणारा-जाणारा विचारायचा, आणि सासूबाई कारण सांगायला कधी कंटाळल्या नाहीत.

"आई-वडिलांकडचं सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पार्बताबाई सरसावून बसल्या. "किशोर माहा पोरगा. अन् चंदा माह्या सख्ख्या भावाची पोरगी. आमच्यात पोरगी परक्याच्या घरी देतच नाई. साधनालेबी अकोल्याले द्याची हाये, माह्या लेकीच्या घरी."

कागदावर साधनापासून दोन रेघा वर निघाल्या. एक वडिलांकडून, एक आईकडून. वर जाऊन दोन्ही एकाच जागी मिळाल्या.

"इथे कोण?"

"माहे माय-बाप," पार्बताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"या आजाराला बिघडलेली दोन जनुकं लागतात, आजी. एकच असलं तर डोळे स्वच्छ राहतात, माणसाला पत्ताही लागत नाही. किशोर आणि चंदा, दोघांच्याही रक्तात एकेक सापडलंय. एक तुमच्यातून आलं, एक तुमच्या भावातून. साधनाला दोन्ही मिळाली. यात चूक कुणाचीच नाही."

चंदाने मान वर केली. "अन् गिऱ्हान, बाई?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही."

चंदाने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. दवाखान्यात इतकं हलकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मले दिसन का मंग?" साधनाने विचारलं.

"दान मिळालेलं बुबुळ बसवू. पुष्कळ स्वच्छ दिसेल."

"अन् माह्या लेकरायले?"

"नवऱ्यात हा दोष नसला, तर लेकरांचे डोळे चांगले राहतील."

"म्हंजे आजी, अकोला कॅन्सल!"

डॉक्टरीणबाईही हसल्या. पार्बताबाईंचं बोट मात्र कागदावरच होतं. माय-बापापासून स्वतःपर्यंत, मग किशोरपर्यंत, मग त्या काळ्या गोलापर्यंत. तिथे ते थांबलं.

राजापेठेत बडनेऱ्याच्या ऑटोत बसायच्या आधी त्या वांग्यांच्या गाडीपाशी थांबल्या. एकेक वांगं उलटून पाहून घेतलं. पिशवी चंदाच्या हातात दिली.

"आज तूच चिरजो, चंदे," त्या तिच्याकडे न पाहता म्हणाल्या. "पावशीले परवाच धार लावली हाये. बोट सांभायजो."