बारा गाण्यांची कॅसेट

“दाबा काका, आता चालेल,” मेकॅनिक म्हणाला आणि त्याने टेपरेकॉर्डर गिऱ्हाइकापुढे सरकवला.

काकांनी बटण दाबलं नाही. आधी त्यांना गोष्ट सांगायची होती. ड्राफ्ट्समनच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. गोष्ट मात्र अजून ड्युटीवर होती.

जिन्याखालचं ते दुकान इतकं अरुंद, की दोघं आली तर एकाने स्टुलावर बसायचं. तिथे त्यांची बायको बसली होती. मांडीवर कोणाच्या तरी मिक्सरचं भांडं होतं, कारण ते ठेवायला दुसरी जागा नव्हती.

“ही आमच्याच ऑफिसात टायपिस्ट,” काकांनी सुरुवात केली. “हिच्यासमोर माझं तोंड काही उघडेना. मग मित्राचा टेपरेकॉर्डर उसना आणला. रेडिओसमोर ठेवला. सहा संध्याकाळी बसून बारा गाणी भरली, एकेक निवडून. नकाशांच्या फाइलमध्ये कॅसेट घालून हिच्या टेबलावर ठेवली. चौथ्या दिवशी ही म्हणाली, छान आहे. महिन्याभरात लग्न ठरलं. संगीताची ताकद.”

ही गोष्ट त्यांच्या जावयालाही पाठ होती. लेकीने एकदा ती बाराही गाणी शोधून त्यांच्या फोनमध्ये घालून दिली, तर यांनी नाक मुरडलं. फोनमधली गाणी म्हणजे धुऊन इस्त्री केलेली, जीव असतो तो टेपमध्ये, असं त्यांचं म्हणणं. खरं तर ही कॅसेट त्यांनी स्वतः कधी ऐकलीच नव्हती. तेव्हा मित्राने मशीन लगेच परत मागितलं, आणि लग्नानंतर कॅसेट बायकोच्या कपाटात गेली ती गेलीच. लावू म्हटलं की ती म्हणायची, राहू द्या, टेप तुटेल. आता लेकीने हट्टच धरला, की ती कॉम्प्युटरवर चढवून घ्या. तेव्हा कुठे कॅसेट बाहेर आली.

“राहू द्या ना हो,” बायको स्टुलावरून म्हणाली. “तुटेल.”

“तुटली तर जोडून देतो, काकू.”

काकांनी बटण दाबलं. जरा खरखर झाली. मग तीन घरं पलीकडे कोणीतरी गात असावं, तसं गाणं सुरू झालं. काकांनी डोळे मिटले, मान डोलवायला घेतली. दुसऱ्याच ओळीला एक खणखणीत आवाजाचं बाईमाणूस म्हणालं, “हे काय रडगाणं लावलंयस? बातम्या लाव.”

काकांचे डोळे उघडले.

“आई, हळू. रेकॉर्डिंग चालू आहे,” टेपमधला तरुण कुजबुजला.

“कोणासाठी?”

“कोणासाठी नाही.”

“मग मी मोठ्याने बोलले तर काय बिघडलं?”

मेकॅनिक खाली वाकून स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. तो त्याच्या हातातच होता.

पुढचं गाणंही तसंच. बादलीत पाणी पडत होतं, कपाटाचं दार कुरकुरत होतं. मधूनच एक थकलेला पुरुषी आवाज विचारायचा, “किती वाजले रे?” तरुण सांगायचा, “सात दहा, बाबा.” गायिका एक कडवं कसंबसं पार करायची, की पुन्हा, “किती वाजले रे?” आणि पुन्हा, “सात बारा, बाबा.”

काकांचे कान लाल झाले. अडतीस वर्षं त्यांनी या कॅसेटची बढाई मारली होती. लग्नकार्यांत, निरोप समारंभांत, डॉक्टरच्या दवाखान्यात नंबराची वाट बघतानासुद्धा. आणि कॅसेटवर गाणं असं एकही धड नव्हतं. त्यांनी बटण बंद करायला बोट नेलं, पण ते नेमकं कुठलं तेही आठवेना.

“काका, एवढं मनावर नका घेऊ,” मेकॅनिकला आता त्यांची दया आली. “हल्ली कॉम्प्युटरवर हे मधले आवाज बरेचसे पुसता येतात. गाणी वर काढून देतो.”

“पुसा,” काका म्हणाले. “सगळे पुसा.”

“अजिबात नाही.” बायकोने मिक्सरचं भांडं मेकॅनिकच्या हातात दिलं आणि ती उठली.

काका तिच्याकडे वळले. “तू हे ऐकलं होतंस?”

“भावाच्या मशीनवर. तीनदा.”

“आणि तरी म्हणालीस, छान आहे?”

“गाणी छान आहेत असं कुठे म्हणाले? ते तुम्हीच धरून चाललात. पुढे तुमची गोष्ट इतकी रंगायला लागली, की मला ती मोडवेना.”

टेप चालूच होती. “किती वाजले रे?” “सात एकोणीस, बाबा.”

“तुमच्या बाबांचं असं झालंय, हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “तुम्ही कधी बोललाच नाहीत. या एका बाजूवर त्यांनी तेवीस वेळा वेळ विचारलीय. तिसऱ्यांदा ऐकताना मी मोजलं. तेवीसही वेळा तुम्ही घड्याळात बघून सांगितलीत. आत्ताच सांगितलं ना, असं एकदाही म्हणाला नाहीत. त्याच दिवशी मी घरी जाऊन सांगितलं, की मुलगा बघायला कोणी कुठे जाऊ नका.”

काकांनी बटणांवरचं बोट उचललं. बाबांचा आवाज पस्तीस वर्षांनी कानावर पडत होता, आणि आपण इतका वेळ फक्त गाणी ऐकत होतो, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी कान मशीनजवळ नेला.

“मग काय करू, काकू?” मेकॅनिकने हळूच विचारलं.

“पुसायचंच असेल काही,” ती म्हणाली, “तर गाणी पुसा.”