अजून अर्धा आटा

नव्या नोकरीच्या गावी मी पहिल्यांदाच एकटी गाडी चालवत निघणार होते आणि नेमका मागच्या चाकाचा एक बोल्ट तुटलेला निघाला. बाबा सकाळपासून टायरवाल्याच्या नावाने शंख करत होते. "लेकाच्यांना हाताचा अंदाजच नाही! नट आवळतात की कुणाचा गळा?"

तुटका बोल्ट त्यांनी हातोडीने ठोकून काढला, नवा बसवला, चाक चढवलं, सगळे नट आवळले. मी चावी आणली, तर म्हणाले, "थांब, एकदा बघू दे." बॅग डिकीत टाकली, तर, "अजून अर्धा आटा." मला दुपारच्या आत पोचायचं होतं. शेवटी मी गाडीत जाऊन बसले, तरी बाबा पाना लावून त्यावर पाय देऊन उभेच.

कट्!

नवा बोल्ट नटासकट तुटून खाली पडला. बाबा माझ्याकडे बघेचनात. "हल्ली मालच हलका येतो," ते पुटपुटले.



वरच्या खिडकीतून आई म्हणाली, "अहो, परवा तुम्ही एकटेच खाली गेला होतात ना, तेव्हाही अगदी असाच आवाज आला होता."