पंखे की पाणी
मासेरू शहरातल्या त्यांच्या एकुलत्या एका खोलीत लिम्फोचा संगणक होता आणि तिच्या वडिलांची खाट. ती वडिलांना म्हणाली, “न्ताते, पंख्यांऐवजी आता संगणक पाण्याने थंड करते. आवाज अगदी कमी होईल, तुम्हाला झोप लागेल.” “विजेच्या पेटीत पाणी? आमच्या सोन्याच्या खाणीतसुद्धा एवढं वेडं कुणी नव्हतं. पंखेच राहू देत, पोरी.” “पंखे कसले, हेलिकॉप्टर पाळलंय आपण,” म्हणत मापं घ्यायला तिने संगणक बंद केला. खोली शांत होताच वडिलांनी कांबळं तोंडात कोंबलं. खांदे गदगदत होते, पण आवाज फुटला नाही. तिने कांबळं ओढलं. “खोकला गेला म्हणत होतात ना?” “ड्रिल चालू असतानाच खोकायचं असतं,” ते धापा टाकत म्हणाले. “मुकादमाने ऐकलं तर घरी पाठवतात.” “न्ताते, हे घरच आहे.” ते तरीही कांबळं शोधू लागले. तिने संगणक लावून पंखे पुन्हा सुरू केले.