एक गुण

बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आनुवंशिकता शिकवणाऱ्या सरांनी घरी करायला दिलं होतं: आपल्या घरात चालत आलेला एखादा गुण निवडा आणि तो कुणाकडून कुणाकडे आला, त्याचा तक्ता काढा. कुणी कुरळे केस आणले, कुणी गालावरची खळी. एकाने तर काकांचं टक्कल आणलं. एका मुलीने आणली विनोद सांगून होण्याआधीच स्वतः हसत सुटण्याची खोड, आणि आईपासून थेट स्वतःपर्यंत रेघ ओढली.

"अगं, पण तूच खाली लिहिलंयस, सावत्र आई," सर म्हणाले. "तिची गुणसूत्रं तुझ्यात येतील कुठून? एक गुण कापतोय."

संध्याकाळी भाजी चिरणाऱ्या आईला ती सांगायला गेली, "आई, आज सरांनी माझा एक गुण..." आणि पुढचं सगळं हसण्यातच बुडालं. काय झालं ते कळायच्या आतच आईही सुरी खाली ठेवून हसायला लागली.

पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "आईचा गुण! जातोय कुठे?"