डबीतला खडा

"आजचा वार?" शालनने विचारलं.

"गुरुवार," पडद्यावरचे जगन्नाथराव म्हणाले.

"शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव. डोकं ठिकाणावर आहे गं माझं. मुतखडा निघाला ना? डबीत घालून दे, शेजारच्या भोसेकरांना दाखवायचाय."

जगन्नाथरावांसारखं लिव्हर खराब असलं की रक्त लवकर थांबत नाही, शुद्धीवर आल्यावर माणूस बरळतो. म्हणून खऱ्या ऑपरेशनआधी डॉक्टर यंत्रात नवऱ्याची हुबेहूब प्रत करून तिच्यावर ऑपरेशन करून बघत, आणि जागी झालेल्या प्रतीला प्रश्न विचारायचे ते बायकोनेच. तीन प्रती रक्तस्रावाने गेल्या होत्या. ते शालनने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. ही चौथी जगली होती.

"डबी लॅबमध्ये आहे," ती खोटंच म्हणाली. "शनिवारी मिळेल."

"विसरू नकोस."

डॉक्टरबाईंनी पडदा बंद केला. "ती प्रत आता कुठेच नाही," त्या म्हणाल्या, आणि शालनने न विचारता पुन्हा एकदा म्हणाल्या.

शनिवारी खऱ्या जगन्नाथरावांचं ऑपरेशन झालं. खडा निघाला. ते शुद्धीवर आले तेव्हा डबी शालनच्या मुठीत होती.

"आजचा वार?" तिने विचारलं.

"शनिवार. लॅबमधून डबी आली का?"

शालनने डबी पुढे केली. "लॅबचं कोण म्हणालं तुम्हाला?"

"तूच की." त्यांनी डबी घेतली आणि कानाशी नेऊन हलवली. खडा वाजला तसे ते शांत झाले. "आम्ही चौघं केव्हाची वाट बघत होतो."