देवदत्तचा इंग्रजी सिनेमा

कलावतीचा लाडका नट देवदत्त खोत नाटकं सोडून लंडनला गेला होता. नाताळच्या एका इंग्रजी विनोदी सिनेमात त्याला काम मिळाल्याचं कळताच तिने आखातातल्या हमरिया वस्तीतल्या आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना थिएटरात नेलं. सिनेमा संपत आला, तरी देवदत्त काही दिसेना.

"कलावतीताई, तुमचा हीरो व्हिसात अडकला की काय?" शेजारच्या कुलसुमभाभीने विचारलं आणि अख्खी रांग खिदळली. कलावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी पडद्यावर नावं सरकू लागली, तशी तिची लेक रेवा ओरडली, "आई, मिळाला! ते डान्स करणारं रेनडिअर होतं ना, आत दोन माणसं असलेलं? त्याचे मागचे पाय म्हणजे देवदत्त अंकल!"

बायका हसून हसून खुर्च्यांवरून घसरल्या. कलावती मान खाली घालून घरी आली.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा त्याच थिएटरात हजर होती, या खेपेला शहराबाहेरच्या अल अमेरात भागातल्या मैत्रिणींना घेऊन. रेनडिअर नाचत पडद्यावर आलं आणि ती ताठ बसली.



"तोंडाकडे काय बघताय गं? अभिनय मागे चाललाय!"