देठाकडची चकती

मोठ्या शेगडीसमोर मालकांचा मेहुणा उभा राहिला तेव्हाच तिचं डोकं फिरलं. ती जागा तिची होती. म्हातारा आचारी काम सोडून गेला की शेगडी तुमचीच, असं मालकांनी तिला दहादा सांगितलं होतं. आचारी गेला आणि शेगडी मेहुण्याला मिळाली. "तुमच्यासारखं काकडीचं सॅलड दुसऱ्या कुणाला जमतं का, ताई?" एवढं बोलून मालक हॉटेलच्या काउंटरवर जाऊन बसले होते.

आता ती काकड्यांवर राग काढत होती. बर्फाच्या पाण्यातून काकडी उचलायची, एकाआड एक पट्टी सोडून साल काढायचं, देठाकडची चकती कापून तोंडात टाकायची. काकडी गोड निघाली तर पातळ चिरायची, वर लिंबू आणि पुदिना. मीठ अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटतं. कडू निघाली तर काकडी बाजूला टाकायची आणि तोंडातली चकती गिळायची. स्वयंपाकघरात कुणी थुंकायचं नाही, असा मालकांचा नियम होता. ठीकच होता म्हणा, चाखणारे ते नव्हते.

बाहेर कुठल्याशा कंपनीची चाळीस माणसं जेवायला बसली होती. मेहुण्याने मटणात इतकं तिखट ओतलं होतं की वासानेच ठसका लागावा.

"दादा, तिखट जास्त झालंय," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही तुमच्या काकडीचं बघा."

वाढपी रिकामं भांडं घेऊन आला. पुन्हा आला. पाचव्यांदा आला. बाहेर लोक नाक पुसत होते आणि मटण बाजूला सारून सॅलड मागत होते. शेवटी मालकच धावत आत आले, घामाघूम, पण खुशीत.

"ताई, आज लाज राखलीत माझी! सगळे नुसतं तुमचं सॅलड खातायत. आता तुम्हाला इथून हलवायचंच नाही बघा. ही जागा कायमची तुमची!"

मेहुणा दात काढून हसला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने वाट लावली त्याला शेगडी, आणि जी निस्तरते तिला जन्मभर काकडी! तिने हात पुसले. सुरीची मूठ मालकांच्या हातात दिली, शेगडीपाशी गेली आणि गॅस बंद केला.

"अहो, हे काय?"

"व्हा बाजूला," ती मेहुण्याला म्हणाली. "आता या मटणाचं मी बघते." मग मालकांकडे वळली. "तुम्ही काकडी चिरा. आधी देठाकडची चकती चाखायची. न चाखता वाढलंत तर लोक तोंडावर बोलतील."

मालकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा आपल्या चपलांकडे पाहत होता. बाहेरून कुणीतरी पुन्हा सॅलडसाठी ओरडलं. मालकांनी मुकाट्याने एक काकडी उचलली, देठ उडवलं, चकती तोंडात टाकली.

त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. ते सिंककडे धावले.

"थुंकायचं नाही," ती शेगडीजवळून म्हणाली. "अकरा वर्षं मी गिळतेय. एक तुम्ही गिळा."